वारा सुटला की वाटतं, वाडी विकून निघून जावं

मावशी, सप्रेम नमस्कार.

मी श्रीवर्धन तालुक्यातली, वय 37. घरात सासू-सासरे, नवरा आणि मुलगा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. दुपारी आधी पडवीचे पत्रे उडाले, मग माजघरावरची कौलं. मी त्याला पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बसले होते. तिथून शेजारच्यांच्या स्लॅबच्या घरात पळालो. कुणाला ओरखडाही आला नाही. वाडी, म्हणजे आमची माडा-सुपारीची बाग, मात्र सगळी आडवी झाली.

अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दुसऱ्याच वर्षी परत पोफळी लावल्या. आता ठाण्याचे मोठे दीर म्हणतात, पार्टी आलीय, भाव चांगला आहे, विकून मोकळे होऊ. अण्णा ऐकत नाहीत. घरात सगळे मला अण्णांच्या बाजूची समजतात. खरं सांगू? मलाच ती वाडी विकून इथून जायचंय. पैशासाठी नाही. वारा सुटला की माझे हात गार पडतात, छातीत धडधडतं, मुलगा शाळेत असेल तर घेऊन येते. ऑक्टोबरात 'शक्ती' वादळाचे मेसेज फिरले तेव्हा कागदपत्रं उशाशी घेऊन रात्र रात्र बसले. वादळ आलंच नाही. सासूबाई हसल्या. नवरा म्हणतो, लोकांची माणसं गेली, आपलं काय गेलं? तेही खरंच. मुलगा विचारतो, आई, तू अशी का करतेस?

अण्णांना म्हातारपणामुळे झोप नसते. रात्री उठून ओटीवर बसतात. मी जागी आहे ते त्यांना कळू नये म्हणून तशीच पडून राहते. त्यांना सांगू का, मलाही विकायचंय म्हणून? माणूस मोडेल हो. नणंदेचं काय म्हणणं आहे ते मला माहीत नाही.

तुमची,
वाऱ्याला भिणारी

---

अगं बाई,

आधी तुझ्या नवऱ्याच्या वाक्याचा निकाल लावते, कारण ते तू स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलंयस. 'आपलं काय गेलं?' निसर्गच्या वेळी माणसं कमी दगावली, कारण किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आदल्या दिवसापासून हलवलं होतं, तेही कोरोनाच्या दिवसांत, तोंडाला फडकी बांधून. त्यामुळे या वादळाचा हिशोब झाडांत आणि छपरांत झाला. तलाठी आले, पंचनामे झाले. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजारांवर नेली. पण तुमच्याकडे हेक्टर कोणाकडे आहे? दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या दराने पाचेक हजार. ओरड झाली तेव्हा झाडामागे दर ठरला, पोफळीला 50 रुपये आणि माडाला 250. इतक्या वर्षांच्या माडाला! असो. सांगायचं हे की नुकसान म्हणजे काय, हे त्या दिवसांत घराघरात पंचनाम्याने ठरवून टाकलं. जे त्यात बसलं नाही ते गेलंच नाही, असं सगळे धरून चालले. तुझा नवराही. तो वाईट माणूस आहे असं तुझ्या पत्रावरून मला वाटत नाही. त्याला वेगळं मोजायला कुणी शिकवलेलं नाही, इतकंच.

चार वर्षांचं पोर कुशीत आणि डोक्यावरचं छप्पर सुटतंय, हे ज्या बाईने अनुभवलं तिचं शरीर ते विसरत नाही. हात गार पडणं, धडधड, झोप उडणं, वाऱ्याच्या आवाजाने एकदम त्या दुपारी जाऊन पोचणं, ही आघातानंतरची लक्षणं आहेत आणि डॉक्टरांना ती नीट ठाऊक आहेत. 1999 च्या ऑक्टोबरात ओडिशात महाचक्रीवादळ आलं, हजारो माणसं गेली. जी वाचली त्यांचा तिथल्या मनोविकारतज्ज्ञांनी पुढे अभ्यास केला, तर बऱ्याच काळानंतरही खूप जणांत हीच लक्षणं आढळली. मुलांमध्येसुद्धा. सासूबाई हसल्या ते सोडून दे. त्यांच्या पिढीला भीतीवर दुसरं औषध माहीत नाही.

आता तुझी भीती. मी ती दोन वाटण्यांत घालते. एक वाटणी सुताराची, एक डॉक्टरांची.

सुताराची वाटणी म्हणजे तुझ्या भीतीतला शहाणा भाग. तुला घराचं छप्पर पुन्हा उडेल असं वाटतं, आणि ते उडू शकतं. अरबी समुद्रातली वादळं गेल्या काही दशकांत वाढली आहेत, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या संशोधकांनीच ते दाखवलंय. बहुतेक वादळं गुजरातकडे नाहीतर ओमानकडे निघून जातात, पण 'पुन्हा येणारच नाही' असं खोटं मी तुला सांगणार नाही. तुझ्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. पत्रे उडाले, कौलं उडाली, हे सगळं लिहिलंस, पण नंतर छपराचं काय केलंत याचा एक शब्द नाही. बहुतेक घरांत झालं तसंच तुमच्याकडे झालं असणार. त्या जूनमध्ये पाऊस डोक्यावर, लाईट नाही, पत्र्याला भाव आलेला, मिळेल ते घेऊन मिळेल तसं ठोकलं. तेच छप्पर आज तुझ्या डोक्यावर असेल तर तुझी झोप उडते यात नवल काय?

तेव्हा पहिलं काम हे. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं करून घ्या, म्हणजे पडवी गेली तरी ती माजघर ओढून नेणार नाही. वारा पुढे आलेल्या पत्र्याच्या खालून शिरतो आणि उचलतो, म्हणून पत्रा भिंतीबाहेर फार काढू नका. खिळ्यांवर भागवू नका, हुकबोल्ट लावा, कडेला जास्त. वासे-कैच्या नुसत्या भिंतीवर टेकवलेल्या असतील तर लोखंडी पट्ट्यांनी भिंतीशी जखडून घ्या. घराला लागून वाळलेला किंवा कललेला माड असेल तर अण्णांना विचारून तोडा. (विचारून. परस्पर नको.) आणि जमेल तेव्हा एक खोली, न्हाणीघराएवढी का होईना, स्लॅबची बांधा. त्या दिवशी तुम्ही शेजारच्या स्लॅबखाली पळालात. तशी जागा स्वतःच्या घरात असली तर मध्यरात्री पावलं कुठे टाकायची हा प्रश्नच राहत नाही.

याच वाटणीत मोबाईल येतो. तुला कॅलेंडर समजून घ्यायला हवं. अरबी समुद्रात चक्रीवादळं मुख्यतः दोन वेळेला होतात, पावसाच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि पाऊस परतताना ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांची तोंडं वेगवेगळी असतात, ते वादळाला नीट उभंच राहू देत नाहीत. म्हणजे श्रावणातल्या रात्री जो वारा माड हलवतो, तो निसर्गचा भाऊबंद नाही. हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे नुसतं लक्ष ठेवा, तुमच्याकडे पावसाळ्यात तो उठसूट असतो. नारिंगीला तयारी, लालला हालचाल. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा खात्याचं पत्रक बघ, आणि गावच्या ग्रुपवरचे लाल बाणांचे नकाशे उघडूही नकोस. 'शक्ती'च्या वेळचं आठव. 2025 च्या त्या ऑक्टोबरात इशारा खरा होता, पण वादळ पश्चिमेकडे गेलं आणि समुद्रातच ओसरलं. खात्याच्या पत्रकात ते दिसत होतं. ग्रुपवर मात्र ते तुमच्या दारात येऊन उभं होतं.

उरली डॉक्टरांची वाटणी. छप्पर पक्कं झाल्यावरही हात गार पडतील, ते हुकबोल्टने जाणार नाही. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. दुपारी घर शांत असेल तेव्हा लाव. काय सांगायचं असा प्रश्न पडला तर मला लिहिलंयस तेच वाच. ते पुढे जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पाठवतील, तर जा. अलिबाग लांब आहे, एसटीत दिवस मोडतो, मला ठाऊक आहे. तरी जा. आघातावर बोलण्याचे उपचार आहेत आणि ते लागू पडतात. काहींना थोडे दिवस गोळ्या लागतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मुलाला खरं सांग. 'त्या दिवशी मी खूप घाबरले होते, अजून वारा आला की घाबरते, त्यावर इलाज करतेय.' इतकं पुरे. दहा वर्षांच्या मुलाला आईची भीती दिसतेच, कारण कळलं नाही तर तो स्वतःच्या मनाने कारण रचतो. त्याला एक काम दे. बॅटरी, पॉवर बँक, कागदांची प्लास्टिकची पिशवी, ही जबाबदारी त्याची. आणि साध्या वाऱ्याला त्याला शाळेतून उचलून आणणं बंद कर. हे कठीण जाईल, पण हळूहळू का होईना, कर.

आता अण्णा.

तू लिहिलंयस, म्हातारपणामुळे त्यांना झोप नसते. हे तू कधी विचारलंस त्यांना? मी त्या घरात नाही, उगाच छातीठोकपणे काही सांगणार नाही. पण आयुष्यभर शिपून वाढवलेली वाडी ज्याने दोन-तीन तासांत झोपलेली पाहिली, तो रात्री उठून वाडीकडे तोंड करून बसतो, तेव्हा मला एकटं वयच कारण वाटत नाही. दुसऱ्याच वर्षी त्यांनी लागवड केली म्हणून सगळ्यांना ते खंबीर वाटतात. काही माणसं दुःख हातांनी करतात. पोफळीची रोपं उन्हात होरपळतात, वरची सावली वादळाने नेलेली, म्हणजे त्यांनी आधी केळी लावल्या असतील, मग केळींच्या आडोशाने पोफळी, मग रोज पाणी. त्या वयात हा सगळा खटाटोप. तो माणूस तुझ्या एका वाक्याने मोडेल असं तू का धरून चाललीस? आणि गंमत बघ, घरात दोन माणसं जागी असतात आणि दोघंही एकमेकांपासून लपवतात.

तर ओटीवर जा. चहा नेलास तर उत्तम. पण विक्रीचं बोलू नकोस, भीतीचं बोल. 'अण्णा, मला अजून त्या दिवसाची भीती वाटते, झोप लागत नाही.' एवढंच, आणि मग गप्प बस. 'मला विकायचंय' हे त्या रात्री सांगायचं नाही. यात लपवाछपवी नाही. तुला खरोखर विकायचंय का, हे तुझं तुलाच अजून कळलेलं नाही. तुला पळायचंय. उद्या ठाण्याला बाराव्या मजल्यावर राहायला गेलीस तर खिडकीची काच वाऱ्याने थरथरेल तेव्हा काय विकशील?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. या पावसाळ्याआधी सह्या नकोत. एक तर दुसऱ्या वर्षी लावलेल्या पोफळी आता कुठे धरायला लागल्या असतील, पाच-सात वर्षांचा खर्च आणि कष्ट घालून पहिल्या पिकाच्या तोंडावर विकणं हा व्यवहारही नाही. शिवाय नणंदेला कुणी विचारलंय का? वाडी वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. 'पार्टी आलीय' म्हणणाऱ्या दिरांनी तिला फोन केलेला दिसत नाही. सातबारा काढून आणा, कोणाकोणाची नावं आहेत ते आधी बघा.

वर्षभर उपचार घे, छप्पर कर, एक पावसाळा काढ. त्यानंतरही तुला वाटलं, मला इथे नाही राहायचं, तर ते उघड सांग, अण्णांनाही सांग. तेव्हा तो तुझा निर्णय असेल आणि त्यात काही गद्दारी नाही. किनारा सोडून गेलेली माणसं तुमच्याच तालुक्यात कमी नाहीत, आणि गावात राहिलेलीच तेवढी शूर असं मी मानत नाही. तुम्ही तिघं जाऊन अण्णा-सासूबाई राहतील, किंवा थोडा तुकडा विकून बाकी ठेवाल, असे मधले रस्तेही असतात. दिरांच्या पार्टीला ते सुचणार नाहीत.

नवऱ्याला हे उत्तर वाचायला दे. वाईट वाटलं तर माझ्या नावाने बोटं मोडू दे, पण छपराचं काम त्याच्याकडून एप्रिलअखेरपर्यंत करून घे. मे लागला, चाकरमानी आले, की तुमच्याकडे सुतार मिळत नाही.

तुझी,
मावशी