जिन्यातले दिवे आधी, गच्चीवरचं सोलर नंतर

प्रश्न : आमची २४ सदनिकांची सोसायटी आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे मिळून कॉमन मीटरवर महिन्याला साधारण १,२०० युनिट पडतात. एका एजन्सीने १० किलोवॉटचं सोलर सुचवलं आहे. सरकारी अनुदान किती मिळेल? – सोसायटी सचिव, पुणे

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’त गृहनिर्माण संस्थांना सामाईक विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. मर्यादा घरटी ३ किलोवॉट आणि एकूण ५०० किलोवॉट. स्वतंत्र घराला मिळणारे जास्तीत जास्त ७८,००० रुपये हा वेगळा हिशेब. सोसायटीने तो धरू नये.

म्हणजे १० किलोवॉटला १ लाख ८० हजार. पण एवढ्या क्षमतेची गरज आहे का, हे आधी पाहा. जिन्यात आणि पार्किंगमध्ये जुन्या चोकच्या ट्यूब असतील, तर चोक धरून एक ट्यूब ५० वॉटच्या आसपास खाते. एलईडी ट्यूब २० वॉटमध्ये तेवढाच उजेड देते. अशा ३० ट्यूब रोज १२ तास जळत असतील, तर नुसत्या बदलण्याने महिन्याला सव्वातीनशे युनिट वाचतात. उरलेल्या पावणेनऊशे युनिटांना साडेसात किलोवॉट पुरतं, कारण आपल्याकडे एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीने महिन्याला सुमारे १२० युनिट देतं. अनुदान ४५ हजारांनी घटेल हे खरं, पण अडीच किलोवॉटचा खर्च आणि गच्चीवरची अडीचशे चौरस फूट जागा वाचेल. नेट मीटर म्हणजे बाहेरून घेतलेली आणि बाहेर दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर. त्यावर जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, मात्र ३१ मार्चला उरलेल्या युनिटांना फारच कमी दर मिळतो. म्हणून अनुदानाकडे पाहून क्षमता वाढवू नका.

प्रश्न : अर्ज कुठे अडकतो?

सर्वांत जास्त नावावर. कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर आणि बँक खातं सोसायटीचं, असं असेल तर अनुदान लटकतं. आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या. सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त असेल, तर भारही वाढवून घ्यावा लागतो. सर्वसाधारण सभेचा ठराव करा, मगच योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज भरा. एजन्सी पोर्टलवर नोंदणीकृतच हवी. पॅनेल आणि त्यातले सेलही भारतीय बनावटीचे, म्हणजे ‘डीसीआर’ लागतात. कोटेशन संशयास्पद स्वस्त असेल, तर बहुधा गोम इथेच असते. कोटेशनवर ‘डीसीआर’ हा शब्द लिहून घ्या. अनुदान काम पूर्ण होऊन नेट मीटर बसल्यावर खात्यात येतं, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण पैसे सोसायटीलाच उभे करावे लागतात.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग बाकी असेल तर ते आधी उरका. स्लॅबला भोकं पाडून अँकर ठोकू देऊ नका, काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांवर सांगाडा उभा करायला सांगा. पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात भर दुपारीही उत्तरेकडे जवळपास टाकीच्या उंचीइतकी लांब पडते, सकाळी-संध्याकाळी त्याहून लांब. एका पॅनेलवर सावली आली तरी त्याच ओळीतल्या बाकीच्या पॅनेलची वीज घटू शकते. एजन्सी पाहणीला उन्हाळ्यात आली, तर हे सहज सुटून जातं.

प्रश्न : सोलर बसवलं की वीज गेल्यावर लिफ्ट चालेल ना? बिल शून्य येईल?

दोन्ही नाही. बाहेरची वीज गेली की ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. लिफ्टचा जनरेटर किंवा बॅटरी काढून टाकू नका. युनिट शून्यावर आले तरी बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो, सभेपुढे आकडे मांडताना तोही मांडा.