ऑक्टोबरमधलं किन्नौर-स्पिती: कुंझुम सोडा, गेलात त्याच रस्त्याने परत या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चंडीगडला उतरायचं, हाताशी अकरा दिवस, सोबत बायको, दहा वर्षांची मुलगी आणि साठी ओलांडलेले आई-वडील. डोंगरात पानांचे रंग बदलताना बघायचेत. त्यासाठी सिमला, नारकंडा, सराहन, सांगला, छितकुल, कल्पा, नाको, ताबो, काझा आणि पुढे कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल, मनाली असा पूर्ण फेरा आखलाय. गाडी ड्रायव्हरसकट भाड्याची. जमेल का?

कागदावर जमतं. पण मी असतो तर शेवटची तीन नावं आत्ताच खोडली असती. काझ्याहून मागे फिरा आणि गेलात त्याच रस्त्याने उतरा. सिमलाही गाळा, ते कधीही होईल.

"एकच रस्ता दोनदा कशाला?" हे घरातून येणारच. उन्हाळ्यात मीही तेच म्हटलं असतं. शरदातली गोष्ट वेगळी आहे, कारण या दिवसांत रंग डोंगरावरून खाली उतरत असतो. दिवस लहान झाले, रात्री गारठल्या की झाड पानातलं हरितद्रव्य बनवणं थांबवतं. हिरवा ओसरतो आणि पानात आधीपासूनच असलेला पिवळा उघडा पडतो. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. स्पितीतलं काझा ३,७०० मीटरच्या आसपास, किन्नौरमधलं सांगला २,७०० च्या. म्हणजे स्पितीतली झाडं आधी पिकणार आणि किन्नौरची मागाहून. स्पितीत सप्टेंबरच्या शेवटापासून पिवळं पडायला लागतं, ऑक्टोबर अर्धा सरेपर्यंत निम्मी पानं गळूनही जातात. कल्पा-सांगल्याचा बहर तेव्हा कुठे सुरू होतो. तुम्ही जाताना जी बाग हिरवी बघाल, तीच आठवड्याने परतताना ओळखू येणार नाही. तेव्हा वर जाताना किन्नौरमध्ये फार रेंगाळू नका, स्पिती आधी उरका आणि सांगला-छितकुल परतीसाठी राखून ठेवा.

आणखी एक सांगून ठेवतो, नाहीतर फोटो बघून गेलेल्यांचा हिरमोड होतो. इथे मेपलसारखे लाल डोंगर नाहीत. देवदार हिरवाच राहतो, चिलगोजाही हिरवाच. रंग येतो तो पॉपलर, विलो आणि जर्दाळूला, जर्दाळूत जरा नारिंगी झाक असते. स्पितीत तर झाडं फक्त गावाशी आणि पाण्याशी. धनकरच्या कड्यावरून खाली पाहिलंत तर अख्खा डोंगर मातकट, तळाशी राखी पात्रात नदीचे चार-पाच फाटे पसरलेले, चुन्याने रंगवलेली घरं, त्यांच्या खिडक्यांना जाड काळी चौकट, आणि पाटाच्या कडेने गेलेली पिवळ्या विलोंची एकच ओळ. बाकी काही नाही. पण ती ओळ मैलभरावरून डोळ्यात भरते.

आता कुंझुम. ही खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे, आणि अलीकडचं लोसर ते पलीकडचं ग्राम्फू हा पट्टा म्हणजे दगडगोटे, ओढे आणि बराचसा कच्चा रस्ता. खिंड सरकारी हिशेबाने बंद व्हायला सहसा अजून अवकाश असतो हे खरं, पण ऑक्टोबरमध्ये एका रात्रीचा बर्फ पुरतो. २०१८ साली तर सप्टेंबरच्या अखेरीसच लाहौल-स्पितीत एवढा बर्फ कोसळला की शेकडो प्रवासी अडकले होते. चंद्रताल तलावाजवळचे राहण्याचे तंबूही ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास गुंडाळले जातात. समजा तुम्ही काझ्यात आहात आणि खिंड मिटली, तर किन्नौरमार्गे चंडीगडला पोचायला किमान दोन आणि माणसासारखं यायचं तर तीन दिवस लागतात. मनालीच्या हॉटेलचे पैसे गेले, विमान गेलं आणि आई-वडिलांना रोज दहा तास गाडीत बसवावं लागलं. हा जुगार दोन मित्रांनी खेळावा, कुटुंब घेऊन नाही. दिवाळी नोव्हेंबरात आली आणि सुट्टी तेव्हाच मिळणार असेल, तर खिंडीचा विचारही नको.

कुणीतरी तुम्हाला उलटा सल्ला देईल, "मनालीकडून चढा, आता बोगदा झालाय." अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, लांबी ९.०२ किलोमीटर, आणि त्यामुळे रोहतांगचा घाट टळतो. कुंझुम टळत नाही. वर मनालीची जेमतेम दोन हजार मीटरची उंची सोडून एका दिवसात साडेचार हजारांवरून काझ्यात उतरायचं. साठीच्या माणसाचं डोकं त्या रात्री ठणकणार हे धरूनच चाला. सिमल्याच्या बाजूने चढण्याचा खरा फायदा हाच की उंची हप्त्याहप्त्याने अंगवळणी पडते.

अकरा दिवस मी असे लावेन. पहिल्या दिवशी चंडीगडहून थेट नारकंडा. सिमला शहरात न शिरता बायपासने ठियोगकडे निघा. दुसऱ्या दिवशी रामपूर, वांगतू, करछम, रेकाँग पिओ करत कल्पा. हा दिवस लांबलचक आहे, सकाळी लवकर निघा. तिसरा दिवस कल्प्यातच. हा आळस नाही, शरीराला तीन हजार मीटरची ओळख करून द्यायची आहे. चौथ्या दिवशी ताबो. वाटेत खाबला सतलज आणि स्पितीचा संगम लागतो, तिथून रस्ता वळणावळणाने नाकोला चढतो. नाकोला जेवा, पण मुक्काम टाळा. ते ३,६०० मीटरवर आहे आणि ताबो ३,२८० च्या आसपास, पहिली उंच रात्र खालीच काढलेली बरी. ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा. आतली भित्तिचित्रं अंधारात आहेत, फोटो काढू देत नाहीत. डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटं नुसतं बसा. मुलगी कंटाळेल, तिला बाहेरच्या मातीच्या स्तूपांत फिरू दे. पाचव्या दिवशी धनकर करून काझा. सहावा दिवस काझ्याभोवती: ‘की’ नावाचा मठ, किब्बर गाव, चिचमचा पूल. लांगझा-हिक्कीम-कोमिक या वरच्या गावांच्या मागे लागू नका, कोमिक साडेचार हजारांवर आहे. आई-वडील ठणठणीत असतील तरच, आणि तेही जाऊन लगेच खाली. सातव्या दिवशी परत फिरून नाकोला मुक्काम. आता शरीर तयार असतं, त्यामुळे चालतं. आठवा आणि नववा दिवस सांगला-छितकुल. दहाव्या दिवशी नारकंडा, अकराव्या दिवशी चंडीगड आणि संध्याकाळचं विमान. नववा दिवस हा तुमचा राखीव दिवस. वर कुठे रस्ता अडला तर तो तिथे खर्ची पडेल, नाही अडला तर सांगल्याच्या बस्पा नदीच्या काठाने पायी फिरायला मिळेल.

सराहन यात बसत नाही. भीमाकाली मंदिर पाहायचंच असेल तर दहाव्या दिवशी ज्यूरीहून फाटा घ्या. वर १७ किलोमीटर आहे, येऊन-जाऊन अर्धा दिवस जातो आणि नारकंड्याला अंधारात पोचाल. मी नाही करणार.

उजेडाबद्दल एक. सगळे कल्प्याला सूर्योदयासाठी गजर लावतात. किन्नर कैलासची रांग सतलजच्या पलीकडे, पूर्वेच्या बाजूला आहे, म्हणजे सकाळी सूर्य तिच्या मागून येतो आणि शिखरं काळी दिसतात. खरा खेळ संध्याकाळी. खालची दरी अंधारून येते, देवदार काळे पडतात, आणि बर्फ आधी पिवळट, मग गुलाबी होत जातो. तेव्हा गॅलरीत बसा, बाजारात नको. सांगल्याची दरी अरुंद, तिथे सूर्य दुपारीच डोंगराआड जातो. छितकुलला सकाळीच जा, उन्हातली पानं हवी असतील तर चारपर्यंत थांबू नका.

रस्त्याचं सांगायचं तर, सफरचंदांचा हंगाम असतो, ट्रक भरभरून खाली येत असतात, त्यामुळे वेळेचा हिशेब मॅपवर दिसतो त्याच्या दीडपट धरा. ओव्हरटेकची घाई करणारा ड्रायव्हर पहिल्याच दिवशी सांगून सरळ करा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट, उतारावर खालचा गिअर. हे स्थानिक ड्रायव्हरला सांगावं लागत नाही, मैदानातल्याला लागतं. उन्हाळ्यात ओढे सकाळी ओलांडा म्हणतात, कारण दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं. ऑक्टोबरात उलट. रात्री रस्त्यावर वाहून आलेलं पाणी गोठतं आणि पहाटे त्याची काचेसारखी पातळ साय डांबरावर बसलेली असते, दिसतही नाही. ताबोच्या पुढे ऊन रस्त्यावर आल्याशिवाय गाडी हलवू नका. अंधार पडल्यावर मात्र कुठेही गाडी नको.

निघण्याआधी ड्रायव्हरला विचारा की रेडिएटरमध्ये कूलंट आहे की नुसतं पाणी. काझ्याला रात्री पारा शून्याच्या खाली जातो, नुसतं पाणी गोठलं तर इंजिनचं वाटोळं. इंधन पिओच्या खाली पोवारीला टाकी फुल करून घ्या, त्यानंतर काझ्याचा पंप धरून चाला.

औषधांचं मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. वडिलांना रक्तदाब असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी त्यांच्याशी बोला, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी चालेल का तेही विचारा. डोकेदुखी, मळमळ असूनही "काही नाही रे, बरा आहे मी" म्हणणारे वडील हा सगळ्यात मोठा धोका. नीट चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. रात्री गाडी नको या माझ्याच नियमाला हा एवढाच अपवाद.

परवान्याची भानगड भारतीयांना नाही, ओळखपत्रं जवळ ठेवा. सोबत परदेशी पासपोर्टवालं कुणी असेल तर पिओ ते काझा पट्ट्यासाठी इनर लाइन परमिट लागतं.

राहण्याचं म्हणाल तर कल्पा आणि सांगला आधी बुक करा, पण फोनवर दोन गोष्टी पक्क्या करा: खोलीला ऊन येतं का, आणि गरम पाणी नळाला आहे की बादलीने. नळांतलं पाणी वर गोठायला लागतं, काही होमस्टे तेव्हाच मिटतात. ताबो-काझ्याला ऑक्टोबरात गर्दी ओसरलेली असते, पण उघडं काय आहे ते आठवडाभर आधी फोन करून खात्री करा. आणि गाडी ठरवताना "काझा करून त्याच रस्त्याने परत" असं स्पष्ट बोलून भाव करा. फेऱ्याचा भाव सांगून मग काझ्याहून मागे वळलात, की पैसे परत मिळत नाहीत.