शाळेतलं इंग्रजी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या द्विशिक्षकी जि. प. शाळेत तिसरी-चौथीची मुलं इंग्रजीचा धडा घडाघडा म्हणतात. त्यातलाच एखादा शब्द फळ्यावर सुटा लिहिला, की गप्प बसतात. असं का?
– एक शिक्षिका, घनसावंगी (जि. जालना)

उत्तर : कारण मुलं धडा वाचत नाहीत, पाठ म्हणतात. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी पुष्कळ वर्गांत अजून 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' हीच चाल चालते. 'सी', 'ए', 'टी' ही अक्षरांची नावं. ती कितीही भरभर म्हटली तरी त्यातून 'कॅट' निघत नाही. मराठीत 'क'चं नाव आणि उच्चार एकच, म्हणून मुलाला इंग्रजीतही तसंच वाटतं. इथे अक्षरं २६ आणि आवाज जवळपास ४४.

सुरुवातीचे काही आठवडे नावं बाजूला ठेवा, आवाज शिकवा. पहिली सहा अक्षरं एस, ए, टी, आय, पी, एन. त्यांचे आवाज स्, ॲ, ट्, इ, प्, न्. एवढ्यावर 'सॅट', 'पिन', 'टॅप', 'टिन', 'पॅन', 'सिट', 'स्पिन' वाचता येतात. व्यंजनाचा पाय मोडूनच उच्चार करा. बहुतेक वर्ग इथेच अडतात : 'ट' असा पूर्ण उच्चार केला की मूल 'ट-ॲ-प' म्हणत राहतं आणि 'टॅप' काही जुळत नाही. म्हणून ज्यांचा आवाज लांबवता येतो अशा स्, न्, म् यांनी सुरू होणारे शब्द आधी घ्या : स्ऽऽ-ॲऽऽ-ट्, सॅट.

अक्षरं दाखवण्याआधी रोज पाच मिनिटं नुसत्या कानानं. तुम्ही 'प्-इ-न्' म्हणा, मुलांनी 'पिन' ओळखावं. मग उलट : तुम्ही 'टॅप' म्हणा, मुलांनी आवाज सुटे करावेत. हे जमल्यावरच अक्षरपट्ट्या काढा. 'द', 'वॉज', 'सेड' असे नियमात न बसणारे शब्द आठवड्याला तीन-चार, बघून ओळखायचे.

पुस्तकात इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहू देऊ नका. मुलाची नजर ओळखीच्या लिपीवरच राहते, इंग्रजी अक्षरांकडे ते बघतही नाही. अर्थ मात्र मराठीत तोंडी खुशाल सांगा. खरंच वाचता येतं का हे बघायला 'नॅस', 'टॅस' असे निरर्थक शब्द द्या, पाठांतर तिथे उपयोगी पडत नाही.

प्रश्न : मुलं 'बी' आणि 'डी' उलटसुलट काढतात, अक्षरं वरच्या रेघेला टांगतात.
– एक शिक्षक, देगलूर (जि. नांदेड)

उत्तर : देवनागरी शिरोरेषेखाली लिहायची सवय हाताला लागलेली असते. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं. चार रेघी वहीत वरून तिसरी रेघ रंगवून द्या, 'ही जमीन' म्हणा. जी, वाय, पी यांची शेपटी जमिनीखाली.

अक्षरं ए-बी-सी-डीच्या क्रमानं गिरवून घेऊ नका, वळणानं गट करा. सी, ओ, ए, डी, जी, क्यू हा एक गट, सगळ्यांची सुरुवात 'सी'च्या डाव्या वळणानं. एन, एम, एच, आर, बी, पी हा दुसरा, त्यांची सुरुवात उभ्या रेघेनं. हे लहान लिपीबद्दल. तीच आधी शिकवा, वाचायला बहुतेक मजकूर तिच्यातच असतो. 'डी'ला आधी वळण आणि 'बी'ला आधी रेघ, हे हातात बसलं की गोंधळ कमी होतो. दोन्ही अक्षरं एका आठवड्यात मात्र कधीच घेऊ नका.

फळ्यावरून उतरवणं म्हणजे लेखन नव्हे. शिकवलेल्या आवाजांचेच पाच शब्द आणि एक वाक्य रोज सांगून लिहवून घ्या. प्रत्येक आवाजाला मुलानं एक बोट उघडावं, मग लिहावं.

प्रश्न : तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, शाळेत मराठी. त्यांना इंग्रजी बोलतं कसं करू? माझेही उच्चार कच्चे आहेत.
– एक शिक्षक, सेनगाव (जि. हिंगोली)

उत्तर : दोन भाषा सांभाळणारं मूल तिसरीला घाबरत नाही, त्याला ऐकायला मिळालं पाहिजे. आठवड्याला आठ-दहा सूचना घ्या : 'स्टँड अप', 'टच द डोअर', 'गिव्ह मी द चॉक'. पहिले दोन आठवडे मुलांनी फक्त कृती करावी, बोलण्याची सक्ती नको. मग सूचना मुलांनीच द्याव्यात. त्यानंतर 'आय हॅव अ...' असा एकच साचा घेऊन दप्तरातल्या वस्तूंवर जोड्यांत बोलणं. तीस मुलं एकेक करून तुमच्याशी बोलली, तर ३५ मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाला जेमतेम मिनिट मिळतं. जोड्यांत अर्धा वर्ग एकाच वेळी बोलतो. गलका होईल, तो होऊ द्या.

मूल 'ही गो टू मार्केट' म्हणालं तर अडवू नका. 'येस, ही गोज टू द मार्केट' असं म्हणून पुढे चला. 'इस्कूल' ऐकू आलं तर स् लांबवा : स्ऽऽकूल. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर, 'डब्ल्यू'ला ओठ गोल. एवढं सांभाळा. बोलण्याला आपल्या भागाचा हेल राहिला तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : आईवडील कोयत्यावर (ऊसतोडीला) गेले की मुलं दिवाळीनंतर जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर येतात.
– एक शिक्षिका, धारूर (जि. बीड)

उत्तर : परतल्यावर चालू धड्यावर बसवू नका. पाच मिनिटांत अक्षरांचे आवाज आणि तीन अक्षरी दहा शब्द वाचून घ्या, जिथे अडलं तिथून सुरू करा. जाताना शिकून झालेल्या आवाजांच्या पट्ट्या आणि वीस शब्द प्लास्टिकच्या पिशवीत द्या. नवीन काही देऊ नका. पालकाच्या फोनवर आठवड्याला दोन मिनिटांचा आवाज पाठवा : तुम्ही आवाज सुटे म्हणायचे, मुलानं पट्ट्या लावून शब्द ओळखायचा. मूल हंगामी वसतिगृहात राहणार असेल, तर तिथल्या काळजीवाहकाला हा खेळ एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.