सायकल-शंका: चाकं बदलू का टायर?

प्रश्न: दादा, छत्रपती संभाजीनगरला राहतो. वजन ८२ किलो, ॲल्युमिनियमची रोड बाईक आहे, रिम ब्रेक (चाकाच्या कडीला म्हणजे रिमला घासणारा), ९ स्पीड म्हणजे मागं ९ गियर, टायर कंपनीचेच २५ एमएम रुंदीचे. रविवारी ग्रुपसोबत दौलताबादचा घाट चढून खुलताबाद, कधीमधी म्हैसमाळ. सपाटीला ॲव्हरेज २५-२६ पडतं. ग्रुपमधले म्हणतात ५० एमएम खोल रिमची कार्बन चाकं टाक, घाटात उडशील. ४० हजार जमवलेत. टाकू का?

उत्तर: भाऊ, पैसे सध्या कपाटातच राहू दे. घाटात उडायचं गणित आधी करू. तू, सायकल, बाटल्या, पंप सगळं मिळून ९५ किलो धर. नवीन चाकांनी ४०० ग्रॅम वाचले म्हणजे अर्धा टक्का पण नाही, अर्ध्या तासाच्या चढाला सात-आठ सेकंद वाचतील, आणि तेवढी तर वर चहाच्या टपरीवर सायकल लावायला जागा शोधण्यात जातात. फिरणारं वजन दुप्पट मोजायचं असं कुणीतरी सांगेलच, ते खरंय पण स्पीड पकडताना, एका लयीत चढ चढत असशील तर ग्रॅम चाकात असो नाहीतर पोटात, भार तेवढाच.

खोल रिमचा खरा फायदा हवा कापण्यात आहे, त्याला स्पीड पाहिजे. हवेशी झुंजायला लागणारी ताकद स्पीडच्या घनात वाढते, म्हणजे २५ वरून ३५ ला गेलं की जवळजवळ पावणेतीन पट, त्यामुळं ३५ ने एकटा ओढणाऱ्याला ५० एमएमचं काहीतरी मिळतं, २५ वाल्याला लई थोडं. बरं हवा अडवणारं सगळ्यात मोठं धूड म्हणजे आपण स्वतः! हात जरा खाली धरून, कोपर वाकवून चालवलं आणि अंगाला बसणारी जर्सी घातली तरी फरक दिसतो, फुकटात.

आणि रिम ब्रेक आहे ना, मग उतरायचं पण बघ. कार्बन रिमवर सारखा ब्रेक धरला की रिम तापते, त्याला वेगळे ब्रेक पॅड लागतात, पावसात ब्रेक अजून उशिरा लागतो, आणि आपल्या घाटात समोरून एसटी, वळणावर म्हशी, ब्रेक सोडून उतरायची सोयच नाही. वरून माळावरचा आडवा वारा! ट्रक बाजूनं गेला की खोल रिमचं पुढचं चाक हिसका मारतं. माझं स्पष्ट मत, रिम ब्रेकच्या सायकलला या भागात कार्बन घेऊच नये, ॲल्युमिनियमच बरं.

मग काय करायचं तर आधी टायर. कंपनी सायकल स्वस्तात बसवायला जाड, कडक टायर देते, त्याजागी चांगले मऊ रबराचे टायर टाक. ब्रेकमध्ये आणि फ्रेममध्ये जागा असेल तर २८ चे घे, पण जागा मोजून, कारण काही जुन्या ब्रेकमध्ये २५ च्या वर बसतच नाही. सोबत हलक्या ट्यूब. आणि हवा! १२० पीएसआय ठोकून दगडासारखं टायर करायची सवय सोड, आपल्या खडबडीत रस्त्यावर ते चाक उड्या मारतं आणि जोर वाया जातो. तुझ्या वजनाला २८ च्या टायरमध्ये मागं ८० च्या आसपास, पुढं पाच-सहा कमी, इथून सुरुवात करून बघ. हबचे म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे छर्रे साफ करून नवीन ग्रीस भरून घे, चाकाचा आऊट म्हणजे डुगडुग काढून घे. हे सगळं दहा-बारा हजारात बसावं. एवढं करूनही हात शिवशिवतच असतील तर दोन्ही मिळून १५००-१६०० ग्रॅमची ॲल्युमिनियम चाकं बघ, मागं २८ स्पोकच्या खाली जाऊ नको. उद्या लांब पल्ल्याला गेलास तरी, २०० किमीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची राइड) साडेतेरा तास मिळतात, ताशी १५ पण पडत नाही, तिथं चाक हलकं असण्यापेक्षा रस्त्यात एक स्पोक तुटला तरी घरी आणणारं असावं.

प्रश्न: मी लातूरचा, निवृत्त शिक्षक. मागच्या रिमची ब्रेक घासते ती बाजू बोटाला खोलगट लागते. दुकानदार म्हणतो दोन्ही चाकं नवीन घ्या. हब मात्र गुळगुळीत फिरतो. काय करावे?

उत्तर: सर, खोलगट लागतंय म्हणजे रिम संपत आली. बऱ्याच रिमवर झीज कळायला बारीक खड्डा नाहीतर रेघ असते, ती पुसली गेली असेल तर त्या चाकावर बसूच नका, हवेच्या दाबानं भिंत फाटते. पण त्यासाठी दोन्ही चाकं कशाला? तेवढ्याच भोकांची नवीन रिम आणि नवीन स्पोक घेऊन तुमच्याच हबवर चाक बांधून घ्या. फक्त टेन्शन मीटर (स्पोकचा ताण मोजायचं यंत्र) वापरणारा मेकॅनिक शोधा, आणि शे-दोनशे किमी झाले की परत एकदा चाक तपासून घ्या.

प्रश्न: बीडहून लिहितोय. डिस्क ब्रेकची, ८ स्पीड बाईक आहे. ऑनलाइन कार्बन हुकलेस (टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेली) चाकं स्वस्तात दिसतायत. बसतील का? काट्यांना ट्यूबलेस (ट्यूबऐवजी आत सीलंट नावाचा चिकट द्रव) बरं का?

उत्तर: ऑर्डरच्या आधी तीन गोष्टी जुळव. एक्सल थ्रू (आरपार जाणारा जाड दांडा) आहे का क्विक रिलीज (खटक्यानं आवळायचा बारीक दांडा), रोटर म्हणजे ब्रेकची चकती सेंटरलॉक (मधल्या एका रिंगनं बसणारी) का सहा बोल्टची, आणि फ्रीहब म्हणजे मागच्या हबवर गियर बसतात तो भाग शिमानो एचजी प्रकारचा आहे का. ११ स्पीडच्या एचजी बॉडीवर तुझी ८ ची कॅसेट (मागच्या गियरचा संच) १.८५ एमएमचा स्पेसर म्हणजे पातळ रिंग टाकून बसते, त्याचं टेन्शन नको. हुकलेसचं मात्र टेन्शन घे, त्यात हवा ७२.५ पीएसआयच्या वर भरायची नाही आणि टायर हुकलेसला चालतो असं कंपनीनं लिहिलेलाच पाहिजे, मिळेल तो टायर चढवायचा नाही. मी तर हुकवालीच घे म्हणेन. काट्यांना ट्यूबलेस बरंच, वेड्या बाभळीचा बारीक काटा सीलंट आपोआप बुजवतं, पण आपल्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं, तेव्हा मार्च ते जून दर महिन्याला व्हॉल्व्ह काढून आत ओल आहे का बघत जा, आणि खिशात एक ट्यूब ठेवच.