अंगठे धरायची घाई नको

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरते म्हणून आसनं सुरू केलीस, आणि आठवडाभरात दुखणं उलट वाढलं. सकाळी उठल्याउठल्या पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसायचं नि वाकून पायाचे अंगठे धरायचे, तेही जोर लावून, हे वाचून मी कपाळाला हात लावला. तुझ्या वयात मीही नेमकं हेच करून चार दिवस अंथरुणात काढले होते.

रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यावर तासाभरात खोल वाकलं की त्यांच्यावर जास्तच ताण येतो. त्यात मांड्यांमागचे स्नायू आखडलेले, म्हणजे सगळा वाक कंबरेतून निघतो. आणि ऑफिसात आठ तास पोक काढून बसल्यावर कंबर पुढे वाकलेलीच असते की! तिला त्याच दिशेला आणखी किती ओढायचं?

तूर्त पुढे वाकणं बंद. हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ वर-खाली करायचं ते मार्जारासन दहा वेळा, श्वासाच्या लयीत. मग पालथं पडून भुजंगासन, हात नुसते टेकलेले, छाती पाठीच्या बळावर जेवढी उठेल तेवढीच. तसंच पालथं राहून शलभासन, एकेक पाय मागे उचलून. उताणं पडून, गुडघे दुमडून कंबर उचलायचं ते सेतुबंधासन मात्र चुकवू नकोस. बसून बसून नितंबांचे स्नायू आळसावतात आणि त्यांचं काम बिचाऱ्या पाठीला करावं लागतं. शेवटी मकरासनात, म्हणजे पालथं, सैल पडून राहा. पंधरा मिनिटं झाली, पुरे. ताण जाणवला तर चालेल, कळ आली की थांबायचं.

ऑफिसात दर अर्ध्या तासाने ऊठ. महागडी खुर्ची घेऊन तासन्‌तास ताठ बसणाऱ्यांचीही पाठ दुखतेच.

गुण यायला वेळ लागतो. 2017 साली अमेरिकेत जुन्या कंबरदुखीच्या 320 रुग्णांवर झालेल्या चाचणीत योगवर्ग आणि फिजिओथेरपी यांचा फायदा जवळपास सारखा दिसला, पण तो 12 आठवड्यांनी मोजलेला. तू आठ दिवसांत हिशेब मागतेयस!

कळ गुडघ्याखाली उतरत असेल तर आधी डॉक्टरांना दाखव. पाऊल लुळं पडलं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर आसनं राहू देत, त्याच दिवशी रुग्णालय गाठ.

पुढच्या पत्रात हात कुठवर पोचले ते लिहू नकोस. सकाळी मोजे चढवताना कंबर काय म्हणते, तेवढं कळव.