बाबांच्या कपाटातल्या बाटल्या: विकू नका, आधी अर्ज द्या

प्रश्न: आमचं घर नागपूरच्या रामदासपेठेत. बाबा मार्चमध्ये गेले, मृत्युपत्र केलेलं नाही. बैठकीतल्या शिसवी कपाटाच्या खालच्या खणाची किल्ली कुणालाच सापडत नव्हती. गेल्या आठवड्यात सुताराकडून तो उघडून घेतला, तर आत अमेरिकन बर्बन व्हिस्कीच्या सात बाटल्या निघाल्या. चार सीलबंद, दोन अर्ध्या आणि एक चिनीमातीची सुरई. बाबा १९७० च्या दशकात कामानिमित्त अमेरिकेत जायचे. पुण्याचा भाऊ म्हणतो गिऱ्हाईक तयार आहे, विकून तीन वाटे करू. वर्ध्याच्या दिरांनी दोन बाटल्या मागितल्या आहेत. माझा बावीस वर्षांचा मुलगा इंटरनेटवर किमती शोधतोय. आई म्हणते, नालीत ओता आणि मोकळे व्हा. बाबांचं दारूचं आजीवन परमिट त्यांच्या पासपोर्टमध्ये सापडलं. आम्हा कुणाकडेच परमिट नाही. काय करावं?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वडिलांचं कपाट उघडताना काय वाटतं ते मला माहीत आहे. बाटल्यांच्या किमतीच्या गडबडीत आई, भाऊ आणि तुम्ही अशा तिघांत वितुष्ट येऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे लागू आहे तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, त्यामुळे हा कायदा विदर्भात आला तो १९५९ साली. शहरात इतकी दुकानं आणि बार दिसतात की लोकांना वाटतं, दारूबंदी फक्त वर्ध्याला. तसं नाही. कायद्याचा मूळ नियम बंदीचाच आहे. कलम १२ प्रमाणे मद्य बाळगणं, त्याची वाहतूक, खरेदी आणि विक्री या सगळ्यावर बंदी आहे, आणि परमिट ही त्या बंदीतून मिळालेली सवलत. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातली काही कलमं रद्द केली, पण पिण्याच्या दारूवर बंदी घालण्याचा राज्याचा अधिकार कायम ठेवला.

परमिट व्यक्तीच्या नावावर असतं. बाबांचं परमिट आजीवन होतं, म्हणजे त्यांच्या आयुष्यापुरतं. ते गेले तेव्हा तेही संपलं. घर आणि बँकेतल्या ठेवी वारसांकडे येतात, परमिट येत नाही. त्यामुळे आज त्या सात बाटल्या मालकीने तुम्हा तिघांच्या आहेत, पण त्या बाळगण्याची परवानगी तिघांपैकी कुणालाच नाही. पेच आहे तो एवढाच.

मग मार्चपासून तुम्ही गुन्हा करत होतात का? माझ्या मते नाही. ताबा म्हणजे नुसती वस्तू घरात असणं नव्हे, ती आहे याची जाणीवही लागते. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र कायद्याखालच्या ताब्याबद्दल हेच सांगितलं, आणि तोच विचार इथे लावता येतो. कुलूपबंद खणात काय आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं. पण सुताराने खण उघडला त्या दिवसापासून तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी घाई करायला सांगतेय. तो दिवस, सुताराची मजुरी दिल्याची नोंद, त्या दिवशी काढलेले फोटो, सगळं जपून ठेवा.

आता भावाचं गिऱ्हाईक. त्याला माझ्याकडून स्पष्ट सांगा, विक्री नाही म्हणजे नाही. परवान्याशिवाय मद्य विकणं हा कलम ६५ खालचा गुन्हा आहे, त्यात तुरुंगवास आणि दंड आहे. ऑनलाइन जाहिरात टाकली तर तो वेगळा गुन्हा, कारण मद्याच्या जाहिरातीवरही याच कायद्यात बंदी आहे. शिवाय असा व्यवहार भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३ प्रमाणे बेकायदा उद्देशाचा, म्हणून निरर्थक. गिऱ्हाइकाने अर्धे पैसे देऊन बाटल्या नेल्या आणि पुढे फोन उचलला नाही, तर तुम्ही कोणत्या कोर्टात जाणार? कोणतंच कोर्ट ते पैसे वसूल करून देणार नाही.

तुमच्या मुलाने वाचलेल्या किमती खोट्या नाहीत, पण त्या तिकडच्या आहेत. अमेरिकेतल्या केंटकी राज्याने २०१७ मध्ये खास कायदा करून परवानाधारक दुकानदारांना लोकांच्या घरातल्या जुन्या सीलबंद बाटल्या विकत घ्यायची मुभा दिली. आपल्याकडे असा रस्ता नाही. म्हणून वाटणीच्या हिशेबात त्या बाटल्यांची अमेरिकेतली किंमत धरू नका. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे आजी हयात नसेल तर आई, तुम्ही आणि भाऊ यांचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा. तो घर, ठेवी, दागिने यांत मोजा. ज्या वस्तूची इथे कायदेशीर विक्रीच होऊ शकत नाही, तिच्यापायी ‘माझा वाटा बुडाला’ हे भांडण घरात येऊ देऊ नका.

वर्ध्याच्या दिरांना तर अजिबात देऊ नका. वर्धा आणि गडचिरोली हे संपूर्ण दारूबंदीचे जिल्हे. चंद्रपूरलाही २०१५ ते २०२१ बंदी होती. माझ्या एका अशिलाने लग्नाच्या गडबडीत गाडीच्या डिकीत दोन बाटल्या टाकल्या आणि तो बुटीबोरीच्या पुढे वर्ध्याच्या रस्त्याला लागला. बाटल्या गेल्याच, गाडीही जप्त झाली, कारण कलम ९८ खाली मुद्देमालाबरोबर वाहनही जप्त होऊ शकतं. ती सोडवायला त्याने किती चकरा मारल्या ते मी पाहिलंय. दिरांना माझं नाव सांगून नाही म्हणा.

तुम्ही पाठवलेल्या एका फोटोवर मी बराच वेळ थांबले. बाटलीच्या गळ्यावरून, बुचावर आडवी गेलेली ती हिरवी कागदी पट्टी. तिच्यावर ‘स्प्रिंग १९६८’ आणि ‘फॉल १९७४’ असं छापलंय. ही अमेरिकन सरकारची, कर भरल्याची पट्टी आहे. १८९७ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे एकाच भट्टीत, एकाच हंगामात काढलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं ठेवलेली आणि ५० टक्के मद्यार्काला भरलेली बर्बन असेल तरच तिच्यावर ही हिरवी पट्टी लागायची. बाकीच्यांना लाल. म्हणजे ही १९६८ च्या वसंतात गाळली आणि १९७४ च्या शरदात बाटलीत भरली. या पट्ट्या १९८५ मध्ये बंद झाल्या, त्यामुळे पट्टी असलेली कोणतीही बाटली त्याआधीची. हे तुमच्या फार कामाचं आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर राज्यातल्या विक्रीची छपाई असते, ती तुमच्या बाटल्यांवर नाही, म्हणून कुणीही पहिला संशय तस्करीचा घेईल. पट्टीवरची सालं आणि बाबांच्या पासपोर्टवरचे शिक्के एकत्र ठेवले की गोष्ट सरळ होते: माणूस तेव्हा अमेरिकेत होता, बाटल्या तेव्हाच्या आहेत. म्हणून जुना पासपोर्ट रद्दीत जाऊ देऊ नका. पट्टी ओल्या फडक्याने पुसू नका. ती बुचाजवळ आधीच फाटायला आलीय.

आता काय करायचं. सीलबंद बाटल्या उघडू नका, कुठे हलवू नका. तिघांनी बसून यादी करा, प्रत्येक बाटलीचे पुढून, मागून आणि गळ्याचे फोटो काढा, यादीवर तिघांच्या सह्या घ्या. मग नागपूरच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या. सोबत मृत्यूचा दाखला, बाबांचं परमिट, पासपोर्टची पानं, यादी आणि फोटो जोडा. अर्जात दोनच गोष्टी मागा: आम्ही वारस आहोत, आमच्यापैकी ज्यांच्या नावावर परमिट निघेल त्यांना त्याच्या मर्यादेत या बाटल्या ठेवू द्याव्यात. ते शक्य नसेल तर विभागाने पंचनामा करून त्या ताब्यात घ्याव्यात. अर्ज वकिलामार्फत गेला तर उत्तम.

‘स्वतःहून सांगितलं तर आमच्यावरच गुन्हा लावतील’ ही भीती मला रोज ऐकू येते. पण आठवड्याभरात कागदपत्रांसह स्वतः पुढे आलेली बाई आणि कुणाच्या तरी खबरीवरून घरात सापडलेल्या सात बाटल्या, यांत अधिकारीही फरक करतो आणि कोर्टही करतं. शेजाऱ्यांना कळायला एक सुतार पुरेसा असतो.

अर्जासोबतच तुम्ही आणि भावाने आपापलं परमिट काढायला घ्या. एका वेळी किती बाटल्या ठेवता येतात ते परमिटच्या अटींत दिलेलं असतं, त्यापेक्षा एकही जास्त नको. परमिटधारकाने बिनपरमिटच्या माणसाला त्यातलं पाजणंही गुन्हा आहे. मुलाला चवही देऊ नका. अशा मद्यासाठी आपल्याकडे वयाची अट २५ वर्षांची आहे, त्यामुळे त्याला परमिट मिळणारच नाही.

आईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. दोन अर्ध्या बाटल्या आणि सुरई यांच्याबाबत मी त्यांच्याच बाजूची आहे. चिनीमातीच्या जुन्या सुरईच्या आतल्या चकचकीत थरातून शिसं दारूत उतरू शकतं, ती पिण्याच्या लायकीची समजूच नका. तिघांची लेखी संमती आणि फोटो झाल्यावर हे तिन्ही रिकामे करायला हरकत नाही, फक्त अर्जातल्या यादीत तसं नमूद करा. रिकामी सुरई बाळगायला परमिट लागत नाही. ती आईंना कपाटात ठेवायची असेल तर खुशाल ठेवू द्या.

अर्जाच्या दोन प्रती करा. दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकच्या टेबलावरून तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका, आणि ती प्रत घरीच, त्याच खणात ठेवा.