तारखा शेजारी शेजारी मांड

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. रवांडातील अल्पसंख्य तुत्सी समाजाच्या 1994 मधील संहारावरील प्रबंध लिहिताना ‘सरकारांना पुरती माहितीच नव्हती, मग दोष कुणाला द्यायचा’ या प्रश्नापाशी तू अडलास. तुझी अडचण प्रामाणिक आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो: तारखा शेजारी शेजारी मांड, आणि मग सांग कुणाला काय ठाऊक नव्हते.

11 जानेवारी 1994 रोजी रवांडातील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल रोमिओ डॅलेअर यांनी राजधानी किगालीहून न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला कळवले की शस्त्रे दडवली जात आहेत, आणि तुत्सींच्या याद्या त्यांच्या संहारासाठीच बनत असाव्यात असे खबऱ्याचे म्हणणे आहे. त्यांना छापा घालायचा होता. मुख्यालयाने मनाई केली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कत्तल सुरू झाली, तेव्हा फ्रान्स आणि बेल्जियमचे सैनिक काही दिवसांत विमानतळावर उतरले, परदेशी नागरिकांना घेऊन परतले. म्हणजे पोहोचता येत होते. 21 एप्रिलला सुरक्षा परिषदेने सुमारे अडीच हजारांची शांतिसेना 270 वर आणण्याचा ठराव केला.

आता अमेरिकेकडे पाहा. ऑक्टोबर 1993 मध्ये सोमालियात तिचे 18 सैनिक मारले गेले होते आणि 3 मे 1994 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी शांतिमोहिमांवर कडक अटी घालणाऱ्या आदेशावर सही केली. त्याच आठवड्यात, माणसांची नावे आणि लपण्याच्या जागा सांगणारे किगालीतील रेडिओ केंद्र विमानातून बंद पाडण्याची सूचना पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, नाकारली; दिलेल्या कारणांत उड्डाणाचा ताशी सुमारे 8,500 डॉलर खर्चही होता. प्राधान्यक्रम असा कागदावर उतरतो, रे. तो दाखवायचे सोडून तू ‘परिस्थितीची गुंतागुंत’ असे लिहितोस, याचा मला राग येतो.

मला माझ्या वर्गात आणि बाहेरही हेकट म्हटले गेले. एका चर्चासत्रात ‘राज्यकारभार भावनेवर चालत नाही’ असे सुनावून मला खाली बसवले होते. मी भावना मांडतच नव्हतो, तारखा वाचत होतो. त्या दिवशी उरलेल्या तारखा वाचायच्या राहून गेल्या, याची खंत मात्र आजही आहे. हा हट्ट मी सोडला नाही आणि सोडणारही नाही, कारण अवघ्या शंभर दिवसांत पाच ते आठ लाख माणसे मारली गेली असताना ‘कळायला वेळ लागला’ हे उत्तर मी स्वीकारू शकत नाही.

सैन्य पाठवणे सोपे होते, असे मी म्हणत नाही. शांतिसेनेतील बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले होते आणि कोणत्याही सरकारला आपल्या माणसांची काळजी असणारच. ती काळजीही तुझ्या प्रकरणात यायला हवी, तारखेसह.

तेव्हा प्रस्तावना बाजूला ठेव. आधी दोन स्तंभ आख: डावीकडे किगालीत काय घडले, उजवीकडे त्याच दिवशी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि ब्रसेल्समध्ये काय ठरले. 17 मेच्या ठरावाने 5,500 सैनिक मंजूर झाले. ते किगालीत कधी पोहोचले, तेही शोध. तेवढे झाले की मला पाठव.